मुंबईत रस्त्याच्या कामाआधी वारसास्थळांचा शोध : हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी

१९३१ मध्ये परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता बांधताना जमिनीतून सुमारे साडेतीन मीटर उंचीची एक अखंड शिळा वर आली. तिच्यावर शिवाच्या सात आकृती कोरलेल्या आहेत आणि अभ्यासक तिचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. ती आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत तिची नोंद आहे. मुंबईत पुरातत्त्व म्हणजे घारापुरी आणि कान्हेरी, बाकी सगळा भराव, अशी समजूत घेऊन जे येतात त्यांना मी ही हकिगत पहिल्याच दिवशी सांगतो.

मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता आहे. प्रकल्प अहवालातील ‘सांस्कृतिक वारसा’ हे प्रकरण माझ्याकडे आले ते, खरे सांगायचे तर, कार्यालयात दुसऱ्या कोणाला ते नको होते म्हणून. पहिल्या अहवालात मी महापालिकेची हेरिटेज यादी चाळली, ‘प्रकल्पाच्या हद्दीत एकही वारसास्थळ नाही’ असे लिहिले आणि मोकळा झालो. यादीपुरते ते वाक्य खरे होते. त्याचे पुढे काय झाले ते चौथ्या टप्प्यात येईल. पण ज्या क्रमाने हे काम करायला हवे होते तो क्रम आधी सांगतो.

१. आखणी पक्की होण्याआधी सुरुवात करा

नेहमी होते असे की सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो, भूसंपादनाचे नकाशे निघतात, टेंडरची तारीख लागते आणि मग कोणाला तरी आठवते की पुरातत्त्वाची एनओसी राहिली. आखणीचे दोन-तीन पर्याय टेबलावर असताना रेघ दहा मीटर सरकवणे हे अर्ध्या तासाचे काम असते. भूसंपादन आणि युटिलिटी (पाण्याच्या, गटाराच्या, विजेच्या वाहिन्या) हलवण्याचे काम झाल्यावर त्याच दहा मीटरसाठी फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरते. म्हणून पर्यायांच्या टप्प्यावरच आपले काम मागून घ्या.

संकल्पचित्र तयार करणाऱ्या चमूकडून चेनेजसह (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरासह) आखणीचा नकाशा, रस्त्याची एकूण रुंदी आणि कोठे किती खोल खोदाई होणार याचा तक्ता घ्या. याशिवाय आणखी एक गोष्ट आग्रहाने मागावी लागते, कारण ती कोणी आपणहून देत नाही : कास्टिंग यार्ड (काँक्रीटचे भाग ओतण्याची जागा), मजुरांची वसाहत, डबर टाकण्याची जागा आणि वाहतूक वळवण्यासाठीचे तात्पुरते रस्ते. मुख्य पट्ट्याची पाहणी काटेकोर होते आणि नुकसान मात्र अशा जोडकामांच्या जागी होते, कारण तेथे पाहायला कोणी गेलेलेच नसते.

२. कायद्याच्या रेषा स्वतः नकाशावर काढा

मुंबईत एकाच रस्त्यावर तीन-चार वेगवेगळ्या यंत्रणांच्या रेषा पडू शकतात आणि एकीची परवानगी दुसरीला चालत नाही. क्यूजीआयएससारख्या मोफत संगणक प्रणालीत प्रत्येक यंत्रणेसाठी स्वतंत्र थर तयार करा.

पहिला थर केंद्राचा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर हे प्रतिषिद्ध क्षेत्र आहे आणि त्यापुढचे २०० मीटर हे विनियमित क्षेत्र. नवखा माणूस हमखास चुकतो तो अंतर मोजताना : हे १०० मीटर लेण्याच्या दारापासून किंवा मूर्तीपासून मोजायचे नसतात, तर अधिसूचित संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे असतात. त्यामुळे अधिसूचना आणि तिच्यासोबतचा हद्दीचा नकाशा हातात आल्याशिवाय वर्तुळ काढू नका. कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि कोंडिविटे म्हणजे महाकाली ही लेणी केंद्राच्या यादीत आहेत. त्यांतील जोगेश्वरी आणि महाकाली तर वर्दळीच्या वस्तीत, मोठ्या रस्त्यांच्या अगदी जवळ आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा नकाशा घेऊन तेथे प्रत्यक्ष गेलेले बरे.

प्रतिषिद्ध क्षेत्रात नव्या बांधकामाला परवानगी मिळेल असे गृहीत धरून आखणी करू नका. तेथून रेघ बाहेर काढणे हाच मार्ग आहे. विनियमित क्षेत्रासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावा आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपली शिफारस कळवावी, असे कायदा सांगतो. अर्जात त्रुटी निघाली तर हा काळ वाढतो हे वेळापत्रकात धरून चाला. प्रतिषिद्ध क्षेत्रात बेकायदा बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्यातील ‘बांधकाम’ या व्याख्येतून गटारे, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठ्याची कामे वगळलेली आहेत. रस्त्याचे नाव त्यात नाही. व्याख्येच्या शेवटी ‘तशाच सार्वजनिक सुविधा’ अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यांत रस्ता बसवण्याचा मोह अनेकांना होतो. लेखी खुलासा हातात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसरा थर राज्याचा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे आणि ते काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. शिवडीचा किल्ला आणि वाळकेश्वरची बाणगंगा ही या यादीतील दोन उदाहरणे. २०२४ च्या जूनमध्ये बाणगंगेचा गाळ काढताना यंत्र पायऱ्यांवरून खाली उतरवले गेले आणि दगडी पायऱ्यांची मोडतोड झाली. हेतू तलाव स्वच्छ करण्याचा होता, हे ध्यानात घ्या. स्मारकाला हात लावायचा नाही एवढे ठरवून भागत नाही. यंत्र कोणत्या वाटेने आत येणार आणि कोठे उभे राहणार हेही ठरवावे लागते.

तिसरा थर महापालिकेचा. १९९५ मध्ये आलेल्या वारसा नियमांची जागा आता विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ५२ ने घेतली आहे. वास्तूंची वर्गवारी श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी आहे, शिवाय फोर्ट, खोताची वाडी असे संपूर्ण परिसरही यादीत आहेत. येथे प्रकरण मुंबई वारसा जतन समितीपुढे जाते. यादीत केवळ इमारतीच असतात असे समजू नका. पाणपोया, कारंजी आणि मैलाचे दगडही तिच्यात आहेत आणि रस्त्याच्या कामात पहिला धक्का यांनाच बसतो.

बाकीचे थर लवकर उरकतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून आणि ओव्हल मैदानाभोवतीचा ९४ इमारतींचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूह २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे; त्यांचे बफर क्षेत्र (भोवतीचा संरक्षक पट्टा) नकाशावर घ्या. प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत असेल, तर अर्जात १५ किलोमीटरच्या आतील संरक्षित सांस्कृतिक स्थळांची हवाई अंतरे द्यावी लागतात. रस्ता किनाऱ्यालगत असेल तर पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा आणि वारसास्थळे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) एक-अ मध्ये मोडतात, हे किनारा विभागाच्या नकाशाशी ताडून पाहा.

३. यादीबाहेरचे शोधण्यासाठी जुने कागद वाचा

याद्यांमध्ये जे आले ते कोणी तरी अर्ज केला, पाठपुरावा केला म्हणून आले. जे आले नाही ते कागदांत आणि गावांत सापडते.

गॅझेटिअरपासून सुरुवात करा. मुंबई शहर व बेटाचे गॅझेटिअर १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघाले, पण त्यात तुम्हाला अंधेरी-बोरिवलीची माहिती मिळणार नाही. साष्टी, म्हणजे आजची उपनगरे ज्यावर आहेत ते बेट, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, त्यामुळे आजच्या उपनगरांसाठी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडावे लागते. बोरिवलीजवळच्या एकसर गावातील सहा वीरगळांचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचे), त्यांवर कोरलेल्या जहाजांच्या लढाईसह, सविस्तर वर्णन त्यात आहे. मी सुरुवातीचे दोन महिने चुकीच्या गॅझेटिअरमध्ये घालवले होते. गावांची इंग्रजी स्पेलिंगे आजच्यापेक्षा वेगळी आहेत, म्हणून एकाच नावाची चार-पाच रूपे लिहून घेऊन शोधा.

त्यानंतर नकाशे. शहर भागासाठी लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेली मोजणी सोन्यासारखी आहे. विहिरी, तलाव, देवळे आणि गल्ल्या तिच्यात बारकाईने दाखवल्या आहेत. तिच्याआधीचा डिकिन्सन यांचा, १८२७ मध्ये पूर्ण झालेला नकाशा किल्ल्याचा कोट पाडण्यापूर्वीचा आहे. फोर्टचा कोट १८६० च्या दशकात पाडला गेला, पण भिंत पाडताना तिचा पायाही उकरून काढला असेलच असे नाही. अपोलो, चर्च आणि बझार या तीन दरवाजांच्या जागा आजच्या रस्त्यांवर टाकून पाहा, म्हणजे कोणत्या चेनेजला सावध राहायचे ते कळेल. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना खूणबिंदू म्हणून सेंट थॉमस कॅथिड्रल किंवा टाउन हॉल यांसारख्या आजही त्याच जागी उभ्या असलेल्या वास्तू घ्या. किनाऱ्याची रेघ कधीही खूणबिंदू म्हणून घेऊ नका, कारण भरावामुळे या शहराची तीच रेघ सर्वांत जास्त हललेली आहे.

हे साहित्य पाहण्यासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आणि टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जा. पुराभिलेखागारात जाताना कार्यालयाचे पत्र, ओळखपत्र आणि हवे असलेले विषय व वर्षे कागदावर लिहून न्या. ‘रस्त्याविषयी काय आहे ते दाखवा’ अशा मागणीला तेथील कर्मचारी काय उत्तर देणार? ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, अमुक रस्ता, अमुक वर्षे’ असे सांगितले तर पुढचा मार्ग तेच सुचवतात. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टने प्लेगनंतर शहरात जे रस्ते पाडले, त्यांच्या आधी तेथे काय होते हे समजण्याचा तो चांगला मार्ग आहे.

४. संपूर्ण आखणी दोनदा पायी चाला

एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने चाला. दिवस दिवाळीनंतरचे निवडा; पावसाळ्यात गवत आणि ताडपत्र्या सगळे झाकून टाकतात. सोबत मोजपट्टी, उंचीचा अंदाज देणारी पट्टी, मऊ ब्रश, जीपीएस असलेला फोन आणि नोंदवही ठेवा. छायाचित्र घेताना पट्टी चौकटीत असलीच पाहिजे.

मुंबईत नजर खाली ठेवून चालावे लागते. सेंट थॉमस कॅथिड्रलपासून मोजलेले अंतर रोमन अंकांत दाखवणारे काळ्या दगडाचे मैलखांब घ्या. पदपथ दर दुरुस्तीत थोडा थोडा वर आला, पेव्हर ब्लॉक बसले, पुन्हा वर आले, आणि त्यांतील अनेक खांब कमरेपर्यंत किंवा डोक्यापर्यंत आत गेले. वर दिसणारा वीतभर काळा दगड कोणाला कर्बस्टोनच वाटतो. तोच प्रकार गावठाणांतील वीरगळ आणि गधेगाळ यांचा आणि वांद्र्यासारख्या भागातील नाक्यावरच्या क्रुसांचाही आहे.

आता पहिल्या अहवालाचे. पश्चिम उपनगरातील एका रस्त्याचे रुंदीकरण सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी मुकादमाने फोनवर छायाचित्र पाठवले, खाली एवढेच लिहिले होते : ‘साहेब, देव निघाला.’ जेसीबीने पदपथाची कड उचलली होती आणि शेजारी उभा असलेला शेंदूर फासलेला दगड तळापर्यंत मोकळा झाला होता. वरचा हातभर भाग मी पाहिला होता. पाहिला म्हणजे दोनदा त्याच्या बाजूने गेलो होतो, एकदा त्याच्याशेजारच्या टपरीवर चहाही प्यायलो होतो, आणि नोंदवहीत ‘लहान धार्मिक स्थान, स्थलांतर शक्य’ असे लिहिले होते. खाली मातीत दडलेल्या भागावर गाढव आणि स्त्री यांची आकृती होती, वरच्या शेंदराखाली चंद्र आणि सूर्य होते. तो गधेगाळ होता : दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला शाप देणारा, शिलाहार काळात कोकणात ठिकठिकाणी उभारला गेलेला दगड. बकेटच्या दाताने त्याच्या डाव्या कडेचा बोटभर लांबीचा टवका उडाला होता आणि आतला दगड ताजा निळसर दिसत होता. टपरीवाल्याने सांगितले की आषाढात गावातली जुनी घरे त्याला नारळ देतात, नाव म्हसोबा. त्याला मी आधी विचारले असते तर त्याने तेव्हाही सांगितले असते.

म्हणून शेंदूर दिसला की थांबा, आणि विचारा. गावदेवीच्या देवळातील पुजारी, कोळीवाड्यातील पाटील, चर्चमधील फादर, सर्वांत जुन्या चाळीतील आजी-आजोबा यांच्याशी बोला. ‘इथे काही ऐतिहासिक आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘नारळ कोठे फोडता? जुनी विहीर कोणती बुजवली? रस्ता वाढला तेव्हा काय हलवले?’ असे विचारा. शेंदूर मात्र स्वतः खरवडू नका. तो देव आहे त्यांचा, आणि दगडावरचे कोरीवकामही त्या खरवडण्यात जाते.

५. रस्त्याच्या पोटात काय आहे याचा अंदाज घ्या

रस्ता स्वतःच थरांचा बनलेला असतो. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी परिसरात खोदताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले होते. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९६४ मध्ये ट्राम बंद झाली. पुष्कळ ठिकाणी रूळ काढण्याऐवजी त्यांवर डांबर ओतले गेले. जुन्या ट्राममार्गांचा नकाशा आपल्या आखणीवर टाकायला फार वेळ लागत नाही.

युटिलिटी शोधण्यासाठी चाचणी खड्डे घेतलेच जातात. ते खोदले जात असताना तुम्ही तेथे हजर राहा. वेगळा खर्च लागत नाही आणि थर डोळ्यांनी दिसतात. भराव आणि मूळ जमीन यांतील फरक ओळखायला शिका. भरावात विटांचे तुकडे, कोळसा, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या खापऱ्या असे सगळे मिसळलेले असते आणि ते कोठून आणून टाकले हे सांगता येत नाही. अशी खापरी सापडली म्हणून तेथे वस्ती होती असा निष्कर्ष काढू नका. साष्टीच्या गावांत, जुन्या तलावांच्या काठी आणि टेकड्यांच्या पायथ्याशी मात्र न हललेल्या थरातील खापरी महत्त्वाची असते. तिच्यासाठी प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाला बोलवा. हे काम अभियंत्याने स्वतःवर घेऊ नये.

६. अहवाल आणि अर्ज

अहवालाचा गाभा एकच तक्ता आहे : चेनेज, बाजू, स्थळ, संरक्षणाची स्थिती, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, संभाव्य परिणाम आणि उपाय. अंतर टोटल स्टेशनने (अचूक मोजणीच्या यंत्राने) मोजलेले असावे. फोनच्या नकाशावरून मोजलेले ९८ आणि १०३ मीटर यांत अख्खा प्रकल्प अडकू शकतो.

अर्जासोबत पुढील कागद तयार ठेवा :

- संरक्षित हद्द आणि रस्ता एकत्र दाखवणारा, मोजणीवर आधारलेला नकाशा
- शहर भागासाठी सी.एस. आणि उपनगरासाठी सी.टी.एस. क्रमांकासह (भूमापन क्रमांकासह) मालमत्ता पत्रके
- महापालिकेचे डीपी रिमार्क (विकास आराखड्यानुसार जागेविषयीचा शेरा)
- रस्त्याचे छेद, खोदाईची खोली व पुलाची कमाल उंची
- चारही दिशांनी घेतलेली, तारखेसह छायाचित्रे
- जवळच्या जुन्या इमारतींच्या भेगांची कामाआधीची नोंद

शेवटची बाब बहुतेक जण गाळतात. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिणे स्वस्त आहे; काम सुरू झाल्यावर ‘ही भेग आधीचीच’ हे सिद्ध करणे अशक्य आहे.

उपाय टेंडरच्या परिमाणपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून आले नाहीत तर ते होत नाहीत. ‘मैलखांब हाताने मोकळा करून त्याच जागी नव्या पातळीवर बसवणे, नग १’ असे लिहा. ‘ठेकेदाराने काळजी घ्यावी’ या वाक्याला बिल लागत नाही.

७. काम चालू असताना काही सापडले तर

त्या जागेपुरते काम थांबवा, वस्तू उचलू नका, धुऊ नका, दोरीने कुंपण घाला आणि छायाचित्रे घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शहर आणि उपनगर यांचे जिल्हाधिकारी वेगळे आहेत. पत्र चुकीच्या कार्यालयात गेले तर आठवडा जातो. एक प्रत पुरातत्त्व संचालनालयाला आणि एक वॉर्ड कार्यालयाला द्या. पंचनामा होईपर्यंत रात्रपाळीसाठी रखवालदार नेमा, कारण नाणी आणि लहान मूर्ती रात्रीतून नाहीशा होतात.

हे सगळे कागदावर असून भागत नाही, जेसीबीच्या चालकाला माहीत असावे लागते. आम्ही आता प्रत्येक कामाच्या जागी केबिनच्या दाराला एक मोठा कागद लावतो. त्यावर वीरगळ, गधेगाळ, मैलखांब, ट्रामचा रूळ आणि जुनी विहीर यांची छायाचित्रे असतात, खाली मराठीत आणि हिंदीत ‘असे दिसले की थांबा’ असे लिहिलेले असते आणि दोन फोन नंबर असतात. गधेगाळाचे छायाचित्र त्या टवका उडालेल्या दगडाचेच आहे.